कोरी कॅसेट, भरलेली कॅसेट

१९५० च्या सुमाराची गोष्ट. टोकियोत राहणारा एकोणतीस वर्षांचा एक तरुण घराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सहज डोकावला. जुन्यापान्या कलाकुसरीत त्याला फारसा रस नव्हता. दुकानात एक गिऱ्हाईक फुलदाणी न्याहाळत होते. थोड्या वेळाने त्याने पाकीट काढले आणि घासाघीस न करता नोटांची जाडजूड चवड मालकाच्या हातात ठेवली. तरुण चक्रावला. त्याच्या कंपनीने नुकताच एक टेपरेकॉर्डर बाजारात आणला होता. त्याच्या किमतीपेक्षाही त्या फुलदाणीची किंमत जास्त होती. फुलदाणी घेणाऱ्याने क्षणभरही विचार केला नाही आणि इकडे याच्या टेपरेकॉर्डरकडे लोक कौतुकाने पाहत, स्वतःचा आवाज ऐकून हसत, आणि रिकाम्या हातांनी घरी जात.

हा तरुण म्हणजे अकिओ मोरिता, पुढे जगभर ज्यांचे नाव झाले त्या सोनी कंपनीचे एक संस्थापक. त्यांचा तो पहिला टेपरेकॉर्डर पस्तीस किलो वजनाचा होता आणि त्याची किंमत होती १,७०,००० येनांच्या आसपास. तेव्हा नोकरीला लागलेल्या पदवीधराला महिन्याला दहा हजार येनसुद्धा मिळत नसत. त्या दुकानात मोरितांना उमगले ते असे, की वस्तू घडवायला काय खर्च आला याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नसते. त्याला तिच्यात मोल दिसले तर तो मोजतो, नाही दिसले तर फुकट दिली तरी त्याला ती अडगळ वाटते. मग त्यांनी टेपरेकॉर्डरमध्ये मोल कोणाला दिसेल याचा शोध सुरू केला. युद्धानंतर जपानच्या न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका फटक्यात वीस यंत्रे घेतली. त्यानंतर शाळा आल्या आणि गाडी रुळाला लागली.

मोरितांच्या आयुष्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे ‘मेड इन जपान’ हे १९८६ साली आलेले आत्मकथन आपल्याकडच्या कितीतरी उद्योजकांच्या कपाटात असे. मी त्यांच्याकडे वळलो आहे तो मात्र एका बारीकशा प्रश्नाचे बोट धरून. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कोरी व्हिडिओ कॅसेट थोडक्या डॉलरांत मिळे. त्याच कॅसेटवर दोन तासांचा चित्रपट भरला, वर रंगीत वेष्टन चढवले, की तिची किंमत ऐंशी-नव्वद डॉलर होई. हा फरक कशाचा? फितीचा नव्हे, प्लास्टिकचा नव्हे, आणि भरण्याच्या मजुरीचाही नव्हे. ज्या माणसाने व्हिडिओ कॅसेट घरात आणली आणि ज्याला किंमत या विषयाची इतरांपेक्षा जास्त जाण होती, त्याच्या आयुष्यातून हे कोडे सुटते. इतकेच नव्हे, तर त्या कोड्यात तो माणूस स्वतःही कसा गुंतत गेला हे दिसते.

मोरितांचा जन्म २६ जानेवारी १९२१ चा, नागोयाजवळचा. घराणे साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांचे. चौदा पिढ्या हाच धंदा. अकिओ थोरला मुलगा, म्हणजे पंधरावा वारस. वडील त्याला शाळकरी वयापासून कंपनीच्या बैठकांना बसवत. आपल्याकडच्या पेढीवर नातवाला गादीवर बसवून हिशेब ऐकायला लावत, तसेच हे. पण आईला पाश्चात्त्य संगीताची आवड होती आणि घरात विजेवर चालणारा ग्रामोफोन आला. त्या पेटीने पंधराव्या वारसाचे डोके फिरवले. आवाज सुटा कसा होतो, साठवला कसा जातो, याच्या मागे तो असा लागला की शाळेतल्या अभ्यासाचे तीनतेरा वाजले. पुढे ओसाकाच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान, मग नौदल, आणि नौदलाच्या संशोधनात भेटले मासारू इबुका. मोरितांपेक्षा तेरा वर्षांनी मोठे, हाडाचे संशोधक. ७ मे १९४६ रोजी दोघांनी मिळून टोकियोत कंपनी काढली. भांडवल १,९०,००० येन, माणसे वीस, आणि जागा बाँबहल्ल्यात होरपळलेल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत. थोरल्या मुलाला घरच्या धंद्यातून सोडावे म्हणून इबुकांना मोरितांच्या वडिलांकडे जाऊन विनंती करावी लागली. वडिलांनी सोडले. पुढे वेळोवेळी पैसेही दिले, आणि परतफेड म्हणून शेअर्स घेतले. साके गाळणाऱ्याने केलेली याहून चांगली गुंतवणूक माझ्या ऐकिवात नाही.

त्या टेपरेकॉर्डरची फीत त्यांनी कशी केली हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जपानात प्लास्टिकची पट्टी मिळेना म्हणून कागदाच्या पट्ट्या कापल्या. लोहाचा एक क्षार तव्यावर लाकडी उलथन्याने परतून त्याची चुंबकीय भुकटी केली आणि ती मऊ केसांच्या कुंचल्यांनी कागदावर फासली. फीत विकण्यात पुढे सतत पैसा आहे, यंत्र एकदाच विकले जाते, हे या मंडळींना तेव्हाच कळले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ध्वनिमुद्रण स्वच्छ व्हावे म्हणून लागणाऱ्या एका युक्तीचे जपानी पेटंट त्यांनी दुसऱ्या एका कंपनीबरोबर विकत घेतले, आणि अमेरिकन टेपरेकॉर्डर आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यावर त्याच्या जोरावर दावा लावला. दावा ते जिंकले. हे लक्षात ठेवावे. हक्काचा मालक म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या चढणे म्हणजे काय, हे मोरितांना हॉलिवूडच्या आधी वीसेक वर्षे ठाऊक होते.

किंमत ठरवण्यातला मोरितांचा हात पुढे ट्रान्झिस्टर रेडिओच्या वेळी आणखी पक्का झाला. १९५५ साली ते छोटा रेडिओ घेऊन न्यूयॉर्कला गेले. घड्याळे करणाऱ्या बुलोवा कंपनीने एक लाख रेडिओ मागितले, अट एकच, रेडिओवर नाव आमचे. टोकियोहून घ्या म्हणून तार आली. मोरितांनी नकार दिला. दुसरे एक गिऱ्हाईक आले, दीडएकशे दुकानांची साखळी असलेले. त्याने पाच हजार, दहा हजार, तीस, पन्नास हजार आणि एक लाख नगांचे भाव मागितले. मोरितांनी रात्री खोलीत बसून जो तक्ता केला तो पाहून खरेदीदाराला वाटले हा माणूस वेडा असावा. पाच हजारांना नेहमीचा भाव, दहा हजारांना सवलत, आणि तिथून पुढे भाव वर चढत गेलेला. एक लाख नगांचा भाव सर्वांत जास्त! जास्त घ्याल तर जास्त पडेल, असा उफराटा हिशेब. पण त्यात तर्क होता. लाख रेडिओ करायचे तर नवा कारखाना, नवी माणसे. पुढच्या वर्षी ही मागणी आली नाही तर त्या माणसांना काय सांगायचे? ती जोखीम आजच्या भावातच वसूल व्हायला हवी. गिऱ्हाईकाने दहा हजार घेतले आणि दोघेही खूश झाले.

हा तक्ता मी मुद्दाम तपशिलाने सांगितला. वस्तू एकदाच हातातून जाणार आणि पुढचे काहीच आपल्या ताब्यात राहणार नाही, अशी शंका असली की विकणारा सगळी भीती आजच्याच किमतीत भरतो. हॉलिवूडने पुढे नेमके हेच केले. फक्त त्याला मोरितांचा मोकळेपणा नव्हता.

१९७५ साली सोनीची बेटामॅक्स आली. ती कॅसेट केवढी असावी हे सांगताना इबुकांनी अभियंत्यांपुढे एक खिशात मावणारे पुस्तक ठेवले होते, अशी हकिगत आहे. अमेरिकेत सुरुवातीला ती टीव्हीसह एका लाकडी कपाटात बसवून दोन हजार डॉलरहून अधिक किमतीला विकली जाई, वर्षभरात सुटे यंत्र तेराशे डॉलरला आले. तासाभराच्या कोऱ्या कॅसेटला पंधरा-सोळा डॉलर. मोरितांच्या डोळ्यांपुढे तिचा उपयोग स्वच्छ होता. टीव्हीवरचा कार्यक्रम आपल्या वेळेला लागत नाही, तो टिपून ठेवा आणि सवडीने पाहा. वेळ पुढे सरकवणे ही त्यांची कल्पना. मासिक जसे हवे तेव्हा वाचतो, तसा टीव्ही हवा तेव्हा पाहावा. यात कोऱ्या कॅसेटीला सारे महत्त्व होते. दुकानातून चित्रपट विकत आणून पाहणे ही गोष्ट त्यांच्या लेखी दुय्यम होती, आणि त्याचा पुरावा त्या कॅसेटीतच आहे. एका तासात टीव्हीवरचा कार्यक्रम मावतो, चित्रपट मावत नाही. पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस काढली, दोन तासांची. सोनीनेही १९७७ साली आपली वेळ दुप्पट केली, पण तोवर इतर उत्पादक तिकडे वळू लागले होते.

मोरितांची जाहिरात हॉलिवूडच्या डोळ्यांत खुपली. एका वाहिनीवर ‘कोजॅक’ आणि दुसरीवर ‘कोलंबो’ ही गुप्तहेरांची मालिका एकाच वेळी लागली, तर आता दोन्हींपैकी एकही चुकणार नाही, असा तिचा आशय. दोन्ही मालिका युनिव्हर्सलच्या. युनिव्हर्सलचे अध्यक्ष सिडनी शाइनबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये मोरितांची भेट घेतली तेव्हा विषय खरे तर दुसराच होता. युनिव्हर्सलची मालक कंपनी चित्रपटांची चकती बाजारात आणू पाहत होती आणि तिची यंत्रे सोनीने करावीत अशी बोलणी होती. ती संपल्यावर जेवणाच्या सुमारास शाइनबर्गनी दाव्याची गोष्ट काढली. मोरितांचा विश्वास बसेना. ज्याच्याशी धंदा करायचा त्याच्यावर कोणी दावा लावतो काय? नोव्हेंबर १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. १९७९ साली निकाल सोनीच्या बाजूने, १९८१ साली वरच्या न्यायालयात विरुद्ध, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने पुन्हा सोनीच्या बाजूने. घरात स्वतःपुरते टिपून ठेवणे हा गुन्हा नाही, असे ठरले. सात वर्षांहून अधिक काळ हा खटला चालला. या काळात चित्रपट कंपन्यांची संघटना कोऱ्या कॅसेटवर आणि यंत्रावर मानधनासारखा आकार बसवा म्हणून अमेरिकन संसदेत खेटे घालत होती. तेही झाले नाही.

हॉलिवूड कोऱ्या कॅसेटशी लढत असताना भरलेली कॅसेट मागच्या दाराने आत आली. मिशिगन राज्यात फितींच्या प्रती काढण्याचा कारखाना चालवणाऱ्या आंद्रे ब्ले या गृहस्थाने सर्व स्टुडिओंना पत्रे धाडली. १९७७ साली एकट्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने होकार दिला आणि पन्नास जुने चित्रपट त्याला दिले. दर कॅसेटमागे साडेसात डॉलर स्टुडिओला, शिवाय आगाऊ रक्कम. ब्लेने कॅसेटची किंमत ठेवली ४९.९५ डॉलर. चित्रपटगृहाचे तिकीट तेव्हा सव्वादोन डॉलरच्या आसपास होते. इथेच प्रश्न सुरू होतो, कारण ही किंमत खर्चाच्या अंगाने फार अवाजवी नव्हती. दोन तासांचा चित्रपट भरायला दोन तासच लागत. एका मुख्य यंत्राला शेकडो यंत्रे जोडायची, प्रत्येकात कोरी कॅसेट घालायची आणि अख्खा चित्रपट संपेपर्यंत थांबायचे. पुस्तकासारखी छापता येत नव्हती ही वस्तू. (पुढे कमी वेळात प्रती काढणारी यंत्रे आली, त्यातले एक सोनीचेच.) कोरी कॅसेट महाग, यंत्रे महाग, गिऱ्हाईक थोडे. पन्नास डॉलर समजण्यासारखे होते.

पण मग कोरी कॅसेट स्वस्त झाली, प्रती लाखांनी निघू लागल्या, आणि भरलेल्या कॅसेटीची किंमत उतरण्याऐवजी चढली. याला कारण लॉस एंजेलिसमधला जॉर्ज ॲटकिन्सन. याने ब्लेचे पन्नासही चित्रपट विकत घेतले आणि विल्शर मार्गावरच्या छोट्याशा दुकानातून दहा डॉलर रोजाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्टुडिओंचे धाबे दणाणले. याला अडवायचे कसे? अडवता येत नव्हते. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचा खटला आला होता. प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की हे एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने सांगितले की प्रत एकदा विकली की तिच्यावरचा प्रकाशकाचा ताबा संपला, घेणाऱ्याने ती विकावी, द्यावी, काय वाटेल ते करावे. पुस्तकासाठी झालेला हा नियम सत्तर वर्षांनी व्हिडिओ कॅसेटला जसाच्या तसा लागू पडला. दुकानदाराने एक कॅसेट घेतली आणि शंभर घरांत फिरवली, तरी स्टुडिओला पैसे मिळणार एकदाच.

डिस्ने आणि वॉर्नर यांनी काही काळ कॅसेटी विकायच्याच नाहीत, दुकानांना फक्त भाडेपट्ट्याने द्यायच्या, असे प्रयोग करून पाहिले. दुकानदारांनी ते हाणून पाडले. संसदेने १९८४ साली गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्यावर बंदी घातली. चित्रपटांसाठी मात्र तसा कायदा झाला नाही. मग स्टुडिओंनी उरलेला एकमेव मार्ग धरला. एकदाच पैसे मिळणार आहेत ना, मग ते एकदाच सगळे घ्या. कॅसेट ८९.९५ डॉलर. तो भाव तुमच्याआमच्यासाठी नव्हताच. तो होता कोपऱ्यावरच्या दुकानदारासाठी. समजा त्याला ती साठ डॉलरला पडली आणि त्याने अडीच डॉलर भाडे ठेवले, तर चोवीस वेळा ती बाहेर गेली की पैसे वसूल, त्यानंतर नफा. स्टुडिओने मनातल्या मनात ती चोवीस गिऱ्हाइके मोजून त्यांचा वाटा आधीच कापून घेतला होता. नव्वद डॉलर ही एका कॅसेटची किंमत नव्हती, ती न दिसणाऱ्या रांगेची किंमत होती. चुकून एखाद्या हौशी माणसाला तीच कॅसेट घरी ठेवावीशी वाटली तर त्याला त्या अख्ख्या रांगेचे पैसे एकट्याने भरावे लागत. दुकानदारही शहाणा. तो महागडी कॅसेट दोन-तीनच प्रतींत घेई आणि नवा चित्रपट आला की पहिले काही आठवडे गिऱ्हाईक हात हलवत परत जाई.

आपल्याकडे हे चित्र वेगळ्या रंगात दिसले. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. दक्षिण मुंबईत १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ सालीच कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे पुस्तकाचा धंदा आणि कॅसेटीचा धंदा यांचे नाते आपल्याकडे तर एकाच छपराखाली होते. चाळीत सत्यनारायणाच्या रात्री वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणायच्या आणि पहाटेपर्यंत डोळे ताणून बसायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या भागातल्या लायब्ररीवाल्याकडे कॅसेटीच्या पाठीवर आकडा, वहीत नाव, आणि डिपॉझिट असे की ऐकून घाम फुटावा. भाडे थोडके, डिपॉझिट मात्र भरघोस. प्रत कितव्या हातची आहे हे पडद्यावरच्या मुंग्यांवरून समजे, आणि ती अधिकृत आहे की नाही हे विचारण्याची पद्धत नव्हती. चोरट्या प्रतींना आळा बसावा म्हणून १९८४ साली कायदा कडक झाला, कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत देणे सक्तीचे झाले. १९९४ च्या दुरुस्तीने तर अमेरिकेच्या नेमकी उलटी तरतूद केली. प्रत आधी विकली गेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडेच राहील, असे आपला कायदा म्हणू लागला. कायदा निर्मात्याच्या बाजूचा, व्यवहार लायब्ररीवाल्याच्या. हक्क वसूल कसा करायचा हा प्रश्न उरलाच.

अमेरिकेत मधूनच कोणी धाडस करी. पॅरामाउंटने १९८२ साली ‘स्टार ट्रेक’चा दुसरा भाग ३९.९५ डॉलरला काढला आणि लोकांनी तो भाड्याने न आणता विकतच घेतला. १९८७ साली ‘टॉप गन’ २६.९५ ला आला, सुरुवातीला पेप्सीची जाहिरात जोडून. पुढच्या वर्षी ‘ई.टी.’ २४.९५ ला. डिस्नेला तर लवकरच कळले की लहान मूल एकच चित्रपट पन्नास वेळा पाहते, तेव्हा आईबाप भाड्याच्या भानगडीत पडणार नाहीत. ‘लायन किंग’च्या तीन कोटींवर कॅसेटी खपल्या. म्हणजे एकाच दुकानात एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या दोन कॅसेटी, एक पंचवीस डॉलरची, दुसरी नव्वदची. स्वस्त ती लोक घरी ठेवतील असा स्टुडिओचा होरा, महाग ती एकदा पाहून परत करतील असा. चित्रपट चांगला की वाईट याचा या किमतीशी थेट संबंध नव्हता. पुन्हापुन्हा पाहण्याजोगा आहे का, एवढाच प्रश्न. फुलदाणीच्या दुकानात मोरितांनी जे पाहिले होते त्याचा हिशेब आता कॅलिफोर्नियातले तरुण अधिकारी तक्ते मांडून करत होते.

आणि मोरिता? खटला जिंकला तेव्हा बाजार हातचा गेला होता. भाड्याच्या दुकानात फळ्या मर्यादित. दोन्ही प्रकारच्या कॅसेटी ठेवणे परवडेना, तसे दुकानदार व्हीएचएसच ठेवू लागले, आणि जे दुकानात मिळते त्याचेच यंत्र लोक घेऊ लागले. नव्वद डॉलरच्या कॅसेटीचा हा न दिसणारा परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅसेट स्वस्त असती तर दुकानदाराने कदाचित दोन्ही ठेवल्या असत्या. एवढी महाग वस्तू दोनदा कोण घेणार? १९८८ साली सोनीने स्वतः व्हीएचएस यंत्रे करायला घेतली. बेटामॅक्सची शेवटची यंत्रे २००२ साली निघाली, पण त्या आधीच तिचे नाव फसलेल्या मालाचा दाखला होऊन बसले होते. दरम्यान १९७९ साली मोरितांनीच हट्टाने वॉकमन काढला होता. त्यात ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती, फक्त ऐकायचे. किंमत ३३,००० येन, कंपनीला तेहतीस वर्षे झाली म्हणून. आवाजाच्या बाबतीत भरलेल्या कॅसेटीवर पैज लावणारा माणूस चित्राच्या बाबतीत कोऱ्या कॅसेटीवर विसंबला, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

सोनीत या पराभवाचा अर्थ असा लावला गेला की यंत्र चांगले असून भागत नाही, त्यात घालायचा माल आपल्या हातात हवा. १९८८ च्या आरंभी दोन अब्ज डॉलर देऊन सीबीएस रेकॉर्ड्स घेतली. मग हॉलिवूड. ऑगस्ट १९८९ मध्ये टोकियोत बैठक झाली. कोलंबिया पिक्चर्सची मागितलेली किंमत ऐकून मोरितांनी व्यवहार सोडून द्यावा असे सांगितले. ती खरोखरच फार होती. त्याच संध्याकाळी जेवताना त्यांच्या तोंडून खंत निघाली, हॉलिवूडचा एक स्टुडिओ आपला असावा हे त्यांचे जुने स्वप्न होते. नोरिओ ओगा आणि इतर सहकाऱ्यांनी ते ऐकले. संस्थापकाचे स्वप्न म्हणजे जपानी कंपनीत आज्ञाच. निर्णय फिरला. ३.४ अब्ज डॉलर, शिवाय अंगावर आलेले कर्ज, शिवाय स्टुडिओ चालवायला आणलेल्या निर्मात्यांना सोडवून आणण्याचा खर्च. एका अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर कोलंबियाच्या मशालधारी स्त्रीला किमोनो नेसवला. पाच वर्षांनी, १९९४ साली, सोनीने या खरेदीपोटी तीन अब्ज डॉलरच्या आसपासचे नुकसान वहीत मांडले. लाख रेडिओंचा भाव लावताना पुढच्या वर्षाचा विचार करणारा माणूस या एका खरेदीत आपला तक्ता विसरला असे म्हणावे, तर तोच स्टुडिओ पुढे सोनीला टिकून उपयोगी पडला हेही खरे. त्या पैशात काय विकत घेतले हे ठरवणे आजही अवघड आहे.

ते नुकसान मांडले गेले तेव्हा मोरिता ते समजून घेण्याच्या स्थितीत फारसे नव्हते. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी सकाळी टेनिस खेळताना त्यांना मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका आला. पंचावन्नाव्या वर्षी टेनिस आणि पुढे बर्फावरचे स्कीइंग, पाण्यात बुडी मारणे शिकलेला हा माणूस चाकांच्या खुर्चीला खिळला. बोलणे जवळजवळ गेले. हवाईत बराच काळ उपचार झाले. कॅसेटचे गणित बदलले ते याच वर्षांत. संगणकामुळे कोणती कॅसेट किती वेळा बाहेर गेली हे मोजता येऊ लागले. १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टर या बड्या साखळीने स्टुडिओंशी करार केले की कॅसेट काही डॉलरांतच द्या, भाड्यातला वाटा नंतर घ्या. रांग दिसू लागली, तशी ती आगाऊ वसूल करायची गरज उरली नाही. पण ही सवलत मोठ्या साखळ्यांना. कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदाराला तोच जुना भाव राहिला आणि त्यातले कित्येक बंद पडले.

दुसरीकडे डीव्हीडी आली. चकती यंत्राखाली काही सेकंदांत छापली जाते, दोन तास थांबावे लागत नाही. सोनीने फिलिप्सबरोबर आपली वेगळी चकती आणायचे ठरवले होते, पण वॉर्नर आणि तोशिबा यांच्या गटाशी पुन्हा बेटामॅक्ससारखी लढाई नको म्हणून १९९५ साली तडजोड झाली. वॉर्नरमधल्या वॉरन लीबरफार्ब यांचा आग्रह होता की ही चकती भाड्यासाठी नव्हे, विकण्यासाठीच काढायची आणि तिचा भाव पंचवीस डॉलरच्या आत ठेवायचा. १९९७ साली ती अमेरिकेत आली. बहुतेक स्टुडिओंनी, कोलंबियानेही, तोच भाव धरला.

अकिओ मोरिता ३ ऑक्टोबर १९९९ रोजी टोकियोत न्यूमोनियाने वारले. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात गेले असते तर कितीतरी नव्या चित्रपटांची चकती पंचवीस डॉलरला मिळाली असती आणि त्याच चित्रपटाची कॅसेट, मागवलीच तर, शंभराच्या आसपास.